सफेद मुसळी: लावणारे आणि घेणारे नेहमी विचारतात ते प्रश्न

सातपुड्याच्या पायथ्याशी, अंजनगाव सुर्जी ते अकोट या पट्ट्यात आमचं वावर आहे. पानपिंपरीच्या मळ्याला लागून मुसळीचे वाफे असतात. मृग जवळ आला की फोन सुरू होतात, "बेणं आहे का?" दिवाळी झाली की दुसरे फोन, "घरी खायला पाव किलो द्या, पण अस्सल पाहिजे." दोन्ही वेळेला तेच तेच सांगावं लागतं, आणि घाईत अर्धं सांगायचं राहून जातं. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहिलं आहे.

मुसळी म्हणजे नेमकं काय? कंद की मूळ?

बोलताना आपण कंद म्हणतो, पण बटाट्यासारखा किंवा सुरणासारखा तो कंद नाही. ही एका औषधी झाडाची फुगलेली मुळं आहेत. झाड वीतभर उंचीचं, पानं गवतासारखी लांब पण जाडसर, जमिनीलगत पसरलेली. पावसाळ्यात मधून एक दांडा वर येतो आणि त्याला बारीक पांढरी फुलं लागतात. खाली एका छोट्या चकतीला बोटांसारख्या मुळांचा झुपका लटकलेला असतो. आमच्याकडे त्यांना सरळ 'बोटं'च म्हणतात.

शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिअॅनम. त्यातलं 'बोरिविली' म्हणजे आपल्या मुंबईचीच बोरिवली. पूर्वी ही वनस्पती लिलीच्या कुळात धरत, आता ती शतावरीच्या कुळात मोडते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे भेसळीच्या प्रश्नात शतावरी पुन्हा येणार आहे.

सफेद मुसळी, काळी मुसळी, सेमल मुसळी, सगळं एकच का?

नाही. तिन्ही वेगळ्या वनस्पती आहेत. काळी मुसळी पिवळ्या फुलांची, तिचा कंद बाहेरून काळपट, जमिनीत सरळ खाली जाणारा. सेमल मुसळी म्हणजे काटेसावरीच्या कोवळ्या रोपाचं मूळ. दुकानात नुसतं "मुसळी द्या" म्हटलं तर यातलं काहीही हातात पडू शकतं.

आमची काळी कसदार जमीन आहे. येईल का?

कपाशीला जी जमीन उत्तम, ती मुसळीला बहुतेक वेळा वाईट. भारी काळी जमीन पावसात पाणी धरून ठेवते आणि मुसळीची बोटं पाण्यात सडतात. हिवाळ्यात तीच जमीन दगडासारखी आवळते. काढताना अर्धी बोटं तुटून जमिनीतच राहतात. पोयट्याची, वाळूमिश्रित, पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी. डोंगराच्या कडेची हलकी, लालसर जमीनही चालते, फक्त शेणखत भरपूर पाहिजे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातून फोन आला तर मी स्पष्ट नाही म्हणतो. तिथलं विहिरीचं खारं पाणी या पिकाला मानवत नाही.

काळ्या जमिनीत करायचंच असेल तर गादीवाफे चांगले उंच, वीतभर तरी करा आणि पाणी निघून जायला चर ठेवा. पहिल्या वर्षी दोन गुंठ्यांपेक्षा जास्त लावू नका.

चांगलं बेणं कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुसळीच्या बोटाला डोळा नसतो. डोळा असतो वरच्या चकतीला. झुपका मोडताना प्रत्येक बोटाबरोबर त्या चकतीचा तुकडा आला पाहिजे. तो नसेल तर बोट कितीही गुबगुबीत असो, त्याला कोंब फुटत नाही. ते जमिनीत पडून राहतं आणि श्रावणात सडतं. एका ओळखीच्या शेतकऱ्याने बाजारातून स्वस्तात 'निवडलेलं' बेणं आणलं होतं. बोटं एकसारखी, स्वच्छ, दिसायला देखणी. मी एक हातात घेतलं, उलटं करून पाहिलं. वरचं टोक सुरीने सपाट कापलेलं. खायच्या मुसळीतला उरलेला माल त्याला बेणं म्हणून विकला होता. त्याच्या पूर्ण वाफ्यात उगवण झालीच नाही.

म्हणून बेणं घेताना मूठभर बोटं हातात घ्या आणि वरचं टोक पाहा. तपकिरी, खरखरीत चकतीचा तुकडा दिसला पाहिजे. मे अखेरीस नीट पाहिलं तर त्यावर फिकट हिरवट-पांढरा बारीक कोंब डोकावताना दिसतो. बोट दाबून पाहा, कडक लागलं पाहिजे. मऊ पडलेलं किंवा आंबूस वास येणारं घेऊ नका. शक्य असेल तर मोकळी बोटं न घेता अख्खे झुपके घ्या आणि आपल्या हाताने मोडा. वजनाला थोडं महाग पडतं, पण काय लावतोय ते कळतं.

बियांपासून लावता येत नाही का?

बी येतं, काळं आणि बारीक. पण त्याची उगवण फार कमी आणि रोप तयार व्हायला वेळ लागतो. शेतीसाठी बोटंच लावतात.

लागवड कधी करायची, बेणं किती लागतं?

मृगाचा चांगला पाऊस झाला आणि जमीन ओली झाली की लागवड करायची. विहिरीला पाणी असेल तर जूनच्या सुरुवातीलाच. उशीर जितका जास्त, तितका झाडाला वाढायला वेळ कमी, कारण पाऊस सरताच हे झाड झोपी जातं.

वाफ्यावर ओळींत एक फूट आणि दोन रोपांत अर्धा फूट अंतर ठेवतात. वाटा सोडून एकरात सत्तर-ऐंशी हजार रोपं बसतात, आणि बोटाच्या आकाराप्रमाणे चार ते सहा क्विंटल बेणं लागतं. खर्चाचा मोठा वाटा या बेण्याचाच. चकती वरच्या बाजूला ठेवून बोट उभं लावा, वर इंचभर माती पुरे. खोल गाडलं तर कोंब दमतो.

शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. कच्च्या खताबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते, आणि हुमणीला मुसळीची बोटं फार आवडतात. निंदण दोन-तीन वेळा तरी करावं लागतं. झाड बुटकं असल्यामुळे तण त्याच्या डोक्यावरून जातं. निंदताना खुरपं जपून चालवा. खालचं बोट कापलं की तिथून कूज सुरू होते.

सप्टेंबरच्या शेवटी पानं पिवळी पडून जमिनीवर लोळली. पीक गेलं का?

नाही, दादा. पीक तयार होतंय. पानं गळून पडणं हा या झाडाचा स्वभाव आहे. दसऱ्याच्या सुमारास वाफा अगदी उजाड दिसतो. पहिल्यांदा लावणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि तो घाईने खोदून काढतो. तेव्हा बोटं फिकट आणि पाणचट असतात. जमिनीतच राहू द्या. साल फिक्या रंगाची गडद तपकिरी होईपर्यंत थांबायचं.

काढणी आणि सोलणी कशी करतात?

आमच्याकडे काढणी डिसेंबरपासून सुरू होते. आदल्या दिवशी वाफ्याला हलकं पाणी द्यायचं म्हणजे माती सुटते. मग कुदळीने बाजूने उकरून पूर्ण झुपका उचलायचा. ओढायचा नाही. पुढच्या वर्षीच्या बेण्यासाठी चांगले झुपके तिथल्या तिथेच वेगळे करतात. काही शेतकरी बेण्याचे एक-दोन वाफे खोदतच नाहीत, उन्हाळाभर जमिनीत ठेवून मे महिन्यात काढतात. मला ही पद्धत सगळ्यात चांगली वाटते, कारण ढीग करून ठेवलेलं बेणं उन्हाळ्यात वाळतं नाहीतर सडतं.

आता सोलणी. मुसळीची खरी मेहनत शेतात नाही, ओसरीत आहे. धुतलेली बोटं टोपल्यात, समोर पाण्याची बादली, आणि बायका गोल करून बसलेल्या. प्रत्येक बोट डाव्या हातात धरून उजव्या हातातल्या लहान सुरीने वरून खाली साल खरवडायची. खोल गेलं तर माल जातो, वरवर केलं तर तपकिरी डाग राहतो आणि व्यापारी त्यावर भाव पाडतो. चिकट रस बोटांना लागतो. दहा-पंधरा बोटं झाली की सुरी घसरायला लागते, मग हात पाण्यात बुडवायचे, पदराला पुसायचे, पुन्हा सुरू. थंडीत त्या पाण्याने हात बधिर होतात. माझी आई आठ बोटं सोलायची तेवढ्यात माझी तीन व्हायची, आणि तिच्या सालीचा पापुद्रा कागदासारखा पातळ निघायचा.

हे लिहायचं कारण असं की एकराचा हिशेब मांडताना लोक बेणं धरतात, खत धरतात, पण सोलणीची मजुरी धरत नाहीत. घरच्या बायकांचे हात फुकट धरतात. ते चूक आहे. घरच्या माणसाचीही मजुरी हिशेबात लिहा, तरच पीक परवडलं की नाही ते कळेल.

सोललेली बोटं स्वच्छ कापडावर पातळ पसरून आठ-दहा दिवस वाळवायची. रात्री दव पडायच्या आत उचलायची. नीट वाळलेलं बोट किंचित पिवळसर झाकेचं पांढरं होतं आणि मोडताना कट्कन आवाज येतो. वाकलं तर अजून ओल आहे.

ओल्या मुसळीची सुकी किती होते?

सोलून वाळवली की पाच-सहा किलोची साधारण एक किलो. पीक पाणचट असेल तर आणखी कमी. ओल्याचा भाव ऐकून सुक्याचं गणित मांडू नका.

एक कंपनी बेणं देते आणि माल परत घ्यायची हमी देते. करार करू का?

२००० सालानंतरच्या चार-पाच वर्षांत देशभर मुसळीची लाट आली होती. "पांढरं सोनं" म्हणत. आपल्याकडे कपाशीलाही पांढरं सोनं म्हणतात, आणि कपाशीने विदर्भातल्या शेतकऱ्याचे काय हाल केले ते सगळ्यांना माहीत आहे. तरी तो शब्द ऐकला की माणूस वाहवतो.

आमच्याही घरी तो प्रसंग झाला. वडिलांनी अर्ध्या एकरासाठी बेणं घेतलं, बाजारापेक्षा कितीतरी चढ्या भावाने. सोबत छापील करार, काढणीनंतर सगळा माल ठरलेल्या दराने उचलणार म्हणून. पीक चांगलं आलं. पोती भरून ठेवली. फोन केला तर पहिल्यांदा "पुढच्या आठवड्यात गाडी येते," मग "प्रत बसत नाही," आणि मग फोन लागेना. शहरातल्या पत्त्यावर वडील स्वतः गेले, तिथे कुलूप होतं. तोवर गावोगाव माल निघाल्यामुळे बाजारातला भावही कोसळला होता. शेवटी माल व्यापाऱ्याला दिला, तो बेण्याच्या खर्चाइतकाही निघाला नाही. त्यानंतर दोन वर्षं घरात मुसळीचं नाव कोणी काढलं नाही.

तो सगळा डाव बेणं विकण्याचा होता. माल परत घेण्यात त्यांना कधीच रस नव्हता. म्हणून कोणी बेण्याचे पैसे आगाऊ मागत असेल आणि त्याचा भाव खायच्या मालाच्या कितीतरी पट असेल, तर तिथेच थांबा. विचारा: मागच्या वर्षी कोणत्या गावातून किती माल उचलला? त्या शेतकऱ्यांना भेटून या. आधी गिऱ्हाईक शोधा, मग लावा. कापूस-तुरीसारखी सरकारी खरेदी केंद्रं मुसळीला नाहीत. माल बहुतेक स्थानिक व्यापाऱ्यामार्फत किंवा मध्य प्रदेशातल्या नीमचसारख्या जडीबुटीच्या मंडीत जातो, आणि भाव वर्षाला बदलतो.

सल्ला हवा असेल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात जा. तिथे औषधी वनस्पतींचं नागार्जुन उद्यान आहे, झाड प्रत्यक्ष पाहता येतं. केंद्राचं राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ नोव्हेंबर २००० मध्ये स्थापन झालं. त्याच्या योजना बदलत असतात, म्हणून चालू वर्षाची माहिती तालुका कृषी कार्यालयातूनच घ्या.

मेळघाटच्या जंगलात आपोआप उगवते. तिथून आणली तर?

व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून नाही. मेळघाट १९७३-७४ साली जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथल्या राष्ट्रीय उद्यानातून आणि अभयारण्यातून झाड उपटून नेणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो.

पण कोरकू आणि इतर आदिवासी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या जंगलातलं कंदमूळ गोळा करत आली आहेत, आणि त्यांचा प्रश्न वेगळा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर त्यांचा हक्क मान्य केला, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळं आणि कंद स्पष्ट शब्दांत आहेत. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथे काय, किती आणि कधी काढायचं हे ग्रामसभेने ठरवायचं असतं.

मला काळजी वाटते ती बाहेरून येणाऱ्या खरेदीदाराची. त्याला सप्टेंबरमध्येच माल हवा असतो, कारण पानं गळाली की रानात झाड सापडत नाही. म्हणजे बोटं कच्ची आणि झुपका मुळासकट गेलेला. जुनी माणसं दोन-तीन बोटं काढून चकती पुन्हा मातीत दाबत. पुढच्या पावसात झाड तिथेच उभं राहायचं. ती सवय मोडली म्हणून रानातली मुसळी कमी होत चालली आहे. खरेदीदाराने ओला, कोवळा माल घ्यायलाच नकार दिला तर हे बरंचसं थांबेल.

मुसळीच्या पानांची भाजी करतात ती हीच का?

याच वंशातली. पहिल्या पावसानंतर येणारी कोवळी पानं रानभाजी म्हणून खातात. कोकणात तिला फोडशी किंवा कुळी म्हणतात. पानाच्या तळाचा पांढरा, जून भाग काढून टाकायचा, बारीक चिरायची, कांदा-लसूण आणि भिजवलेली डाळ घालून परतायची. ज्वारीच्या भाकरीबरोबर फार गोड लागते. लागवडीच्या वाफ्यातली पानं मात्र तोडू नका, बोटं पोसली जात नाहीत.

घेताना खरी मुसळी कशी ओळखायची?

पावडर घेऊच नका. अख्खी बोटं घ्या, घरी कुटा. पावडरीत काय मिसळलं आहे ते डोळ्यांनी कळत नाही.

सर्वात जास्त भेसळ शतावरीच्या सोललेल्या मुळांची. शतावरीच्या मुळात मधोमध चिवट दोरीसारखा तंतू असतो. तो ओढून काढला तरी मुळावर उभी खाच राहते. मुसळीत तसा दोर नसतो, ती सरळ तुटते. मुसळीचं बोट मधे जाड आणि टोकाला निमुळतं, फार तर बोटभर लांब. लांबच लांब, सुतासारख्या सुरकुत्यांची काडी असेल तर संशय घ्या. तुकडा चावून पाहा, थोड्या वेळात बुळबुळीत होऊन दाताला चिकटतो, चव सौम्य असते.

पाण्यात हलवून फेस आला की अस्सल, असं मोबाईलवर फिरतं. त्यावर विसंबू नका. फेस सॅपोनिन नावाच्या घटकांमुळे येतो, आणि ते शतावरीतही असतात. अगदी पांढरीशुभ्र, चमकणारी मुसळीही मला आवडत नाही, नैसर्गिक वाळलेल्या मालाला किंचित पिवळसर झाक असते.

मुसळीने खरंच ताकद येते का?

आयुर्वेदात ती मधुर, शीत, पचायला जड, बल्य (बळ देणारी) आणि वाजीकर (कामशक्ती वाढवणारी) मानली आहे. अशक्तपणा, आजारातून उठल्यावरचा थकवा, शुक्राची कमतरता यांत वैद्य ती देतात. आधुनिक संशोधन झालं आहे, पण त्यातलं बरंचसं उंदरांवरचं. माणसांवरचे मोठे, पक्के अभ्यास फार थोडे आहेत. मी मुसळी विकतो, तरी हे सांगणं माझं काम आहे. पोटभर जेवण, झोप आणि दूध-डाळ नसताना नुसत्या मुसळीने अंगात बळ भरत नाही. मूल होत नाही म्हणून माझ्याकडे येणाऱ्या जोडप्याला मी आधी दोघांच्याही तपासण्या करायला सांगतो. दोघांच्या. आपल्याकडे तपासणी बाईची होते आणि मुसळी पुरुषाला देतात, यात वर्षं वाया जातात.

किती आणि कशी घ्यायची? कोणी घेऊ नये?

वैद्य साधारण ३ ते ६ ग्रॅम चूर्ण कोमट दुधातून घ्यायला सांगतात. त्यापुढचं प्रमाण मनाने वाढवू नका. पचायला जड असल्यामुळे भूक मंदावते, पोट गच्च होतं. ज्याची भूक आधीच मेली आहे, ज्याला कफ आहे, त्याने थांबावं. गरोदर बाईने वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगा.

बाळंतिणीला चालते का?

दूध वाढावं म्हणून डिंकाच्या लाडवांत घालायची रीत अनेक घरांत आहे. माझ्या आजीने घातली, आईने घातली. पण थोडी, आणि बाळंतिणीची भूक नीट उघडल्यावर. पहिल्याच आठवड्यात नको. दूध येतच नसेल तर लाडवाची वाट पाहू नका, दवाखान्यात दाखवा.

जाहिरातीतल्या 'ताकदीच्या' कॅप्सूल घ्याव्यात का?

नाही. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने गुन्हा आहे. भिंतीवर, बसस्टँडवर, मोबाईलवर असा दावा दिसला म्हणजे विकणाऱ्याने पहिल्याच पायरीला कायदा मोडला आहे. त्याहून मोठा धोका जिवाचा. 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणून विकलेल्या अशा गोळ्यांमध्ये सिल्डेनाफिलसारखं ॲलोपॅथी औषध लपवून घातल्याचं जगभर अनेकदा आढळलं आहे. हृदयविकारासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचा रक्तदाब त्याने एकदम खाली जाऊन तो दगावू शकतो. मुसळीचा गुण असलाच तर हळू, आठवड्या-आठवड्यांनी जाणवतो. तासाभरात परिणाम दिसला तर तो मुसळीचा नाही.

घरी आणलेली मुसळी कशी ठेवायची?

काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाने, अख्खी बोटं. पावसाळ्यात ती पटकन ओल धरते, पिवळी पडते, मग भुंगा लागतो. मृगाच्या आधी एक दिवस कडक उन्हात टाकून बरणी पुसून पुन्हा भरा. कुटायची ती पंधरा दिवसांपुरतीच. लोखंडी खलबत्त्यात आधी जाडसर फोडून घ्या. मिक्सरमध्ये थेट टाकाल तर पातं मोडेल, इतकी ती कडक असते.